पद्मिनीच्या वायरी

प्रीमियर पद्मिनीवर लिहिलेलं बहुतेक लिखाण एकाच वाटेने जातं. वालचंद हिराचंद, कुर्ल्याचा कारखाना, बुकिंग करून वर्षानुवर्षं पाहिलेली वाट, काळी-पिवळी टॅक्सी, आणि शेवटी ३० ऑक्टोबर २०२३, म्हणजे मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी कायमची गेली तो दिवस. यात खोटं काही नाही. पण गाडी विकली गेल्यावर तिचं पुढे काय झालं, हे या वाटेवर कुठेच लागत नाही. ते डॅशबोर्डच्या मागे लिहिलेलं असतं, आणि वाचायचं तर पुढची सीट काढून उताणं पडावं लागतं.

मी वाचतोय ती गाडी मामाची, १९८२ सालची. सहा वर्षं सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हरखाली उभी आहे. नोंदणीची मुदत संपत आली आहे आणि नूतनीकरणाआधी तपासणी होणार: हेडलाइट, इंडिकेटर, ब्रेकलाइट, हॉर्न, वायपर. यातलं एकही धड चालत नव्हतं. एका गॅरेजवाल्याने सरळ सांगितलं की जुनं वायरिंग सगळं उपटू, नवं हार्नेस टाकू, एक दिवसाचं काम आहे, गाडी ‘ओरिजिनल’ होऊन जाईल. मामा तयार होता. मी त्याच्याकडून चार रविवार मागून घेतले, कारण त्या ‘ओरिजिनल’ शब्दाशी माझं जमेना.

या गाडीचं मूळ नेमकं कोणतं धरायचं? फियाटने ११००-१०३ हे मॉडेल इटलीत १९५३ला आणलं. त्याच वर्षी इकडे टॅरिफ कमिशनने शिफारस केली की ज्यांच्याकडे भारतातच गाड्या बनवायचा आराखडा आहे, त्यांनीच या धंद्यात राहावं. नुसते सुटे भाग आणून जोडणाऱ्या जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. १९४४ला स्थापन झालेली प्रीमियर टिकली, पण अटीवर: भाग हळूहळू इथेच बनवायचे. १९६४पासून कुर्ल्यात ११००डी बनू लागली. इटलीत ११०० मालिका १९६९ला बंद झाली. आपल्याकडे तीच गाडी १९७२ला ‘प्रेसिडेंट’ झाली, १९७४ला ‘पद्मिनी’, आणि २०००च्या आसपासपर्यंत बनत राहिली. ज्यांनी नकाशा काढला त्यांनी तो फडताळात टाकल्यावर पुढची तीस वर्षं आपण त्याबरहुकूम गाडी बनवत होतो, तीही मिळेल त्या मालात.

विजेचा माल कुठून यायचा? बॉशच्या सहकार्याने मायको बंगळुरात १९५१ला सुरू झाली, इंग्लंडच्या लुकासबरोबर टीव्हीएसने मद्रासला १९६१ला लुकास-टीव्हीएस काढली. मामाच्या गाडीचा सेल्फ लुकास-टीव्हीएसचा आहे. म्हणजे इटालियन आखणी, इंग्रजी वळणाचा मद्रासी सेल्फ, आणि जोडणी कुर्ल्याची. मी शेजारी ठेवून पाहिलेल्या दोन पद्मिनींच्या डॅशबोर्डमागच्या वायरींचे रंगसुद्धा जुळत नाहीत.

तर, बॅटरीची वायर काढून ठेवली आणि कामाला लागलो. आधी स्पीडोमीटरची केबल सोडवली. स्पीडोमीटरच्या काट्याला वीज लागत नाही: गिअरबॉक्समधून केबल येते, ती चुंबक फिरवते आणि चुंबक एका धातूच्या वाटीला ओढत नेतो. ऑटो शुल्त्से या जर्मन माणसाने १९०२ला याचं पेटंट घेतलं. ऐंशी वर्षांनंतरच्या गाडीत तेच, आणि सहा वर्षं उभ्या गाडीत निर्दोष असलेलं हे एकमेव यंत्र.

बाकीचा गुंता मी वायरीगणिक चिठ्ठ्या बांधत सोडवला. जुन्या गाड्यांत परतीची वायर नसते, गाडीचं लोखंडच परतीचा रस्ता. त्यामुळे ‘हे चालत नाही’ म्हणून आलेल्या निम्म्या तक्रारी खरं तर गंजाच्या निघाल्या. इंडिकेटरचं अर्थिंग रंगाच्या थरावर कसलं होतं, पॉलिश पेपरने घासल्यावर ते टकटकायला लागले. पेट्रोलचा काटा खोटं बोलत होता तोही टाकीजवळच्या गंजलेल्या स्क्रूमुळे.

हेडलाइटची गोष्ट वेगळी. मुळात हेडलाइटचा सगळा करंट डॅशबोर्डवरच्या स्विचमधूनच जायचा. ४५ वॅटचे दोन बल्ब बारा व्होल्टवर साडेसात अँपिअर घेतात. नव्वदच्या दशकात मामाने ६० वॅटचे हॅलोजन बसवले, दहा अँपिअर. स्विच वितळायला हवा होता. वितळला नव्हता, कारण कोणीतरी मध्ये रिले घातला होता: स्विच फक्त रिलेला इशारा देतो, खरा करंट बॅटरीकडून जाड वायरीने परस्पर जातो. रिलेला वेगळा फ्यूज, सांध्यांवर डाग दिलेला, वर टेप. कारखान्याच्या कामापेक्षा हे काम उजवं आहे, असं माझं स्पष्ट मत झालं.

त्याच हाताचं दुसरं काम पाहून मी बराच वेळ तसाच पडून राहिलो. डॅशबोर्डवर चार्जिंगचा लाल दिवा असतो. डायनॅमोच्या काळात त्याचं काम सोपं होतं. दिव्याचं एक टोक बॅटरीकडे, दुसरं डायनॅमोकडे. इंजिन बंद असताना बॅटरीकडून करंट वाहतो, दिवा लागतो. डायनॅमो बॅटरीच्या बरोबरीला आला की दोन्ही टोकांना सारखाच दाब, दिवा विझतो. एका बल्बात बसवलेली तुलना. मी दिवसभर ज्या अटी कोडमध्ये लिहितो, त्यातली इतकी सुटसुटीत क्वचितच असते. पुढे सिलिकॉन डायोड स्वस्त झाले आणि डायनॅमो जाऊन ऑल्टरनेटर आले. अमेरिकेत क्रायस्लरच्या व्हॅलिअंटमध्ये १९६०लाच. मामाच्या गाडीतही मागाहून ऑल्टरनेटर बसवलेला आहे, आणि तिथे तो दिवा नुसता खबऱ्या राहत नाही. त्याच्यातून जाणारा थोडासा करंट ऑल्टरनेटरला जागं करतो. बल्ब गेला, किंवा हौसेने एलईडी लावला, तर चार्जिंग सुरूच न होण्याची शक्यता. मिस्त्रीला हे ठाऊक होतं. जुना निकामी कटआऊट त्याने फेकला नाही. आतलं तोडून त्याचा जंक्शन बॉक्स केला आणि जुन्या वायरी न कापता दिवा त्यातूनच ऑल्टरनेटरला जोडला.

नवं हार्नेस जुन्या नकाशाप्रमाणे बनतं. त्यात हा रिले नसतो, ही जोडणी नसते. ‘ओरिजिनल’ करण्याच्या नादात आपण गाडी १९८२ला नेली असती आणि हॅलोजन व ऑल्टरनेटर मात्र आजचे ठेवले असते.

म्हणून कॅसेट प्लेअरच्या लोंबत्या वायरी आणि काढून टाकलेल्या सीएनजी किटचा स्विच एवढंच काढलं. करपलेल्या सात वायरी नाना पेठेतून त्याच जाडीच्या आणून बदलल्या. मिस्त्रीच्या कामाला हात लावला नाही. मोठ्या कागदावर सगळा नकाशा काढला, त्याचं काम हिरव्या शाईने. मामाला दाखवला. त्याला मिस्त्रीचं नाव आठवेना. “दुकान नाना पेठेतच होतं रे, आता तिथे मोबाइलची कव्हरं विकतात. पैसे लगेच घ्यायचा नाही. रात्री खंबाटकी घाट उतरून या, लाइट टिकले तर द्या म्हणायचा.”

“मग टिकले?”

“दिले की पैसे.”

नकाशाची एक प्रत ग्लव्हबॉक्समध्ये ठेवली आहे. तपासणी पुढच्या गुरुवारी. हॉर्न अजून वाजत नाही. रिले ठीक आहे, म्हणजे स्टीअरिंगच्या बटणाखालचं अर्थिंग बघायला हवं.