पोटॅशियम-आरगॉन कालमापन

पोटॅशियम-आरगॉन कालमापन ही खडकातील पोटॅशियमच्या किरणोत्सर्गी ऱ्हासावरून त्या खडकाचे वय ठरविण्याची पद्धत होय. ती प्रामुख्याने ज्वालामुखीजन्य खडकांसाठी वापरली जाते. कार्बन-१४ पद्धत सुमारे पन्नास हजार वर्षांपलीकडे जात नाही. ही पद्धत मात्र कोट्यवधी वर्षांच्या खडकांनाही लागू पडते.

तत्त्व

निसर्गात पोटॅशियमचे तीन समस्थानिक आढळतात. त्यांपैकी पोटॅशियम-४० हा एकच किरणोत्सर्गी असून त्याचे प्रमाण अवघे ०.०११७ टक्के, म्हणजे दहा हजार अणूंत जेमतेम एक, एवढे आहे. त्याचे अर्धायुष्य सुमारे १२५ कोटी वर्षे आहे. ऱ्हास पावणाऱ्या शंभर अणूंपैकी सुमारे ८९ अणूंचे कॅल्शियम-४० मध्ये आणि उरलेल्या ११ अणूंचे आरगॉन-४० मध्ये रूपांतर होते. खडकात कॅल्शियम मुळातच विपुल असल्याने त्यात पडलेली नवी भर ओळखणे कठीण जाते. आरगॉनचे तसे नाही. तो निष्क्रिय वायू असल्याने लाव्हा द्रवरूप असताना बहुतांशी निसटून जातो; लाव्हा थिजल्यानंतर निर्माण होणारा आरगॉन मात्र स्फटिकांत अडकून साठत राहतो. त्यामुळे मिळणारे वय हे खडक थिजल्यापासूनचे असते, त्यातील द्रव्याचे नव्हे. जुन्या पोटॅशियमयुक्त खनिजांत असा आरगॉन साठलेला असल्याचे १९४८ मध्ये ऑल्ड्रिच व नीर यांनी दाखविले.

मापन

नमुन्याच्या एका भागातील पोटॅशियम रासायनिक विश्लेषणाने मोजतात. दुसरा भाग निर्वातात वितळवून त्यातून सुटलेला आरगॉन मोजतात. हवेतील आरगॉनही नमुन्यात शिरलेला असतो. परंतु हवेत आरगॉन-४० हा आरगॉन-३६ च्या सुमारे ३०० पट असल्याने आरगॉन-३६ मोजून तेवढी वजावट करता येते.

टांझानियातील ओल्डुवाई घळीत १९५९ मध्ये मेरी लीकी यांना आदिमानवसदृश कवटी सापडली. तेथील ज्वालामुखीय थरांचे वय १९६१ मध्ये या पद्धतीने सुमारे साडेसतरा लाख वर्षे ठरले. हे वय कवटीचे मोजलेले नव्हते, ती ज्या थरांत होती त्यांचे होते. हा फरक पुष्कळदा विसरला जातो.

मर्यादा आणि दख्खनचे खडक

खडक नंतर तापला किंवा झिजला, तर आरगॉन निसटतो व वय कमी भरते. थिजताना जुना आरगॉन आत राहिला, तर ते जास्त भरते. महाराष्ट्राचा बहुतांश भूभाग व्यापणाऱ्या दख्खनच्या बेसाल्टाबाबत हाच पेच उभा राहिला. या बेसाल्टात पोटॅशियम सामान्यतः एक टक्क्याहूनही कमी असते, शिवाय कित्येक थर झिजलेले आहेत. परिणामी वेगवेगळ्या नमुन्यांच्या वयांत कोट्यवधी वर्षांची तफावत येई आणि उद्रेक तेवढा प्रदीर्घ काळ चालला असावा, असा समज होई.

१९६६ मध्ये मेरिह्यू व टर्नर यांनी मांडलेल्या आरगॉन-आरगॉन पद्धतीने हा गुंता सुटला. तीत नमुन्यावर अणुभट्टीत न्यूट्रॉनांचा मारा करून पोटॅशियम-३९ चे आरगॉन-३९ मध्ये रूपांतर करतात. मग पोटॅशियम वेगळे मोजावे लागत नाही, आणि नमुना टप्प्याटप्प्याने तापवला की आरगॉन निसटल्याची खूणही दिसते. १९८० च्या दशकात कूर्तियो, तसेच डंकन व पाइल यांच्या अभ्यासांतून दख्खनचा मुख्य उद्रेक भूशास्त्रीयदृष्ट्या अल्पकाळात घडल्याचे पुढे आले. त्याचा काळ आज सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा व कालावधी दहा लाख वर्षांच्या आसपास मानला जातो. डायनोसॉर नष्ट झाले तो हाच काळ असल्याने, त्या विनाशात अशनिपाताइतकाच सह्याद्रीतील लाव्हाचाही वाटा होता काय, या वादाला त्यामुळे बळ मिळाले.