‘निवडक’ प्रल्हाद शिंदे : निवड कोणाची?

प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४) हा गायक आमच्या देवगड-मालवण पट्ट्यातल्या घरांना चेहऱ्याच्या आधी आवाजाने ठाऊक झाला. चतुर्थीला ‘तूच सुखकर्ता तूच दुःखहर्ता’ आणि आषाढीला ‘पाऊले चालती पंढरीची वाट’ ही गाणी लागली नाहीत, तर सण अळणी वाटावा, इतकी ती अंगवळणी पडली आहेत.

कुणकेश्वरच्या महाशिवरात्रीच्या जत्रेत कॅसेटींचे गाळे लागत, त्या काळापासून मी या गायकाच्या ‘निवडक’, ‘अवीट’, ‘सर्वोत्तम’ अशा संग्रहांची वेष्टने जमवत आलो. ती शेजारी-शेजारी मांडली की एक गोष्ट डोळ्यांत भरते. विठोबा आहे, गणपती आहे, सत्यनारायणाची कथा आहे. आयुष्यभर गायलेली भीमगीते मात्र त्यात नाहीत. ती वेगळ्या वेष्टनात, वेगळ्या नावाने आणि वेगळ्या गाळ्यावर मिळतात. कोणाची ‘उत्तम’ गाणी कोणती, हे ठरवतो तरी कोण?

याचे पहिले उत्तर व्यापाराचे आहे. ७८च्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. साठ मिनिटांच्या कॅसेटीत आठ-दहा गाणी सहज बसू लागली. १९८०नंतर कॅसेट स्वस्त झाली आणि मोठ्या कंपन्यांनी दुर्लक्षिलेल्या प्रादेशिक गाण्यांना बाजार मिळाला. पीटर मॅन्युएल यांनी ‘कॅसेट कल्चर’ (१९९३) या ग्रंथात हा बदल तपशिलाने नोंदवला आहे. पण आठ-दहा गाण्यांची कॅसेट गायकाच्या नावाने विकली गेली, तरी ती भरली जाते गिऱ्हाइकाच्या हिशेबाने. गणेशोत्सवाचे गिऱ्हाईक एक, १४ एप्रिलचे आणि ६ डिसेंबरच्या चैत्यभूमीचे दुसरे. त्यामुळे एका गळ्याचे दोन कप्पे झाले. यात कोणाचा कट शोधण्याचे कारण नाही. पण परिणाम मात्र कटासारखाच झाला.

तो परिणाम समजण्यासाठी दोन सनावळ्या शेजारी ठेवाव्या लागतात. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले झाले ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर, १९४७च्या मे महिन्यात. म्हणजे प्रल्हाद शिंदे तेरा-चौदा वर्षांचे होईपर्यंत त्यांच्या समाजाला त्या गाभाऱ्याची वाट बंद होती. पुढे उभ्या महाराष्ट्राला पंढरीच्या वाटेचे गाणे मिळाले ते त्यांच्याच गळ्यातून. ‘निवडक’ कॅसेट ऐकणाऱ्याला हे कळण्याची सोयच नाही, कारण हा कोण गातो आहे, ते सांगणारी अर्धी गाणी तिच्यातून वगळली गेली आहेत.

शब्दांच्या बाजूनेही तेच. ‘तूच सुखकर्ता’चे गीतकार हरेंद्र जाधव. आंबेडकरी गीतांच्या परंपरेत त्यांचे नाव मोठे आहे. १९५६च्या धम्मदीक्षेतील बावीस प्रतिज्ञांत गौरी-गणपतीला देव न मानण्याचीही प्रतिज्ञा आहे. मग हे गाणे कसे लिहिले आणि गायले गेले? मला यात दुटप्पीपणा दिसत नाही. गाणे हा पोटाचा धंदा होता, आणि भक्तिगीताची घडण ही कोण्या एका जातीची मिरास कधीच नव्हती. चोखोबांपासून ती जितकी उंबऱ्याच्या आतली, तितकीच बाहेरची आहे.

हा आवाज कोकणात इतका का रुजला, याचे कारण मला त्याच्या घडणीत दिसते. शिंदे कव्वालीच्या मुशीतून आले. मोकळा, वरच्या पट्टीतला गळा; मुख्य गायकाने ओळ टाकायची आणि साथीदारांनी ती उचलायची; मुखडा पुन:पुन्हा फिरवायचा. आमच्या डबलबारी भजनाचा सांगाडाही हाच. पेटीवर बुवा, पखवाज, झांजा आणि मागे कोरस. त्यामुळे लोकप्रिय गाण्याची चाल गजराला लावणे बुवांना अवघड गेले नाही. पण चाल उचलली की गायकाचे नाव मागे राहते. गावाला ती बुवांचीच वाटू लागते.

२००४ साली मे महिन्यात वामनदादा कर्डक गेले आणि जूनमध्ये प्रल्हाद शिंदे. एक भीमगीतांचा मोठा शाहीर, दुसरा त्या गीतांचा आणि भक्तिगीतांचाही गायक. अवघ्या काही आठवड्यांच्या अंतराने महाराष्ट्राचे दोन आवाज थांबले. बहुतेक घरांना त्यांतला एकच ओळखीचा होता.

यावर उपाय साधा आहे. या गायकाचा पुढचा ‘निवडक’ संग्रह देवांच्या क्रमाने न लावता ध्वनिमुद्रणाच्या क्रमाने लावावा: कव्वाली, भीमगीत, अभंग, गणपतीचे गाणे, जसे गायले गेले तसे एकापाठोपाठ. एका वेष्टनावर दोन्ही प्रकारची गाणी आली, तर गिऱ्हाईक कदाचित थोडे कमी मिळेल. पण विठोबाचे गाणे संपून लगेच बाबासाहेबांचे सुरू झाले, की ऐकणारा क्षणभर थबकेल आणि दोन्हीकडे तोच गळा आहे, हे त्याच्या ध्यानी येईल.