चिनी बुद्धिबळ : अक्षर की चित्र?

आपल्याकडे बुद्धिबळाचा पट मांडला, की कोणता मोहरा कोणता हे सहसा सांगावे लागत नाही. घोड्याला घोड्याचे तोंड असते, राजा सर्वांत उंच असतो, प्यादे ठेंगणे असते. चीनमधील बुद्धिबळ मात्र पाहणाऱ्याला प्रथमदर्शनीच चकवते. तिकडे या खेळाला ‘श्यांगछी’ म्हणतात. पटावर बत्तीस सोंगट्या. साऱ्या सारख्याच गोल आणि चपट्या, आपल्या कॅरमच्या सोंगट्यांसारख्या. भेद काय तो वर कोरलेल्या एकेका चिनी अक्षराचा आणि लाल-काळ्या रंगाचा. अक्षर वाचता आले तर तो सेनापती, नाही तर नुसती लाकडाची चकती!

हा खेळ आज घरबसल्या, संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावर, हजारो मैल दूर असलेल्या माणसाशी खेळता येतो. पण अनेक ठिकाणी खेळ सुरू करण्यापूर्वी एक निवड करावी लागते. मोहरे कसे हवेत, अक्षरांचे की चित्रांचे? चित्रे निवडली, की अक्षरांच्या जागी घोडा, हत्ती, तोफ अशी आकृती येते आणि चिनी न जाणणारा माणूसही लगेच खेळू लागतो. एवढ्याशा गोष्टीत विचार करण्यासारखे काय आहे, असे कोणी म्हणेल. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला या निवडीमागे एक जुना प्रश्न दिसतो. एखादा खेळ एका समाजातून दुसऱ्या समाजात जातो, तेव्हा त्याच्याबरोबर काय जाते आणि काय मागे राहते, हा तो प्रश्न.

प्रथम खेळाची थोडी ओळख करून घेऊ. पटावर उभ्या नऊ रेघा, आडव्या दहा. मोहरे घरांत ठेवत नाहीत, रेघा जेथे एकमेकींना छेदतात तेथे ठेवतात. मधोमध एक आडवा मोकळा पट्टा असतो, ती नदी. या नदीत पुष्कळदा ‘छू’ आणि ‘हान’ ही नावे लिहिलेली आढळतात. इ. स. पू. २०६ ते २०२ या काळात छूचा श्यांग यू आणि हानचा ल्यू पांग यांच्यात सत्तेसाठी घनघोर युद्ध झाले. इ. स. पू. २०३ मध्ये एक कालवा ही दोघांची सरहद्द ठरली. पुढच्याच वर्षी ल्यू पांगने ती मोडून विजय मिळवला आणि हान घराणे चीनच्या गादीवर आले. खेळ एवढा जुना नाही. ही नावे त्याला मागाहून चिकटली. तरी आजचा खेळाडू नदी ओलांडतो, तेव्हा दोन हजार वर्षांपूर्वीची ती सरहद्दच ओलांडतो म्हणा ना!

दोन्ही टोकांना नऊ बिंदूंचा एकेक वाडा. वाड्यात राजा नसतो, सेनापती असतो. तो आणि त्याचे दोन सल्लागार वाड्याबाहेर पडत नाहीत. वाड्याबाहेर हत्ती, घोडे, रथ आणि तोफा या दोन-दोन, आणि पाच शिपाई. रथ आपल्या पटावरच्या हत्तीसारखा सरळ जातो. तोफही तशीच सरळ चालते, मात्र मारताना तिला मध्ये नेमका एक मोहरा लागतो. त्याच्या डोक्यावरून ती गोळा टाकते. हत्ती तिरपी दोन घरे चालतो, पण नदी कधी उतरत नाही. तो घरच्या रक्षणासाठीच असतो.

आता हत्ती, घोडा, रथ आणि पायदळ ही नावे ऐकली, की आपले कान टवकारतात. हे तर आपले चतुरंग! बुद्धिबळाच्या बहुतेक इतिहासकारांचे मत असेच आहे, की भारतातला हा खेळ मध्य आशियाच्या वाटेने चीनमध्ये पोहोचला. चीनमधील काही संशोधकांना हे मान्य नाही. तो वाद आज बाजूला ठेवू. तेथील जुना पुरावा मात्र पाहण्यासारखा आहे. थांग काळातील न्यू संगरू या लेखकाच्या एका अद्भुत कथेत इ. स. ७६२ चा प्रसंग आहे. नायकाला रात्री दोन सैन्ये लढताना दिसतात. शेवटी जमीन खणली, तर एक प्राचीन थडगे सापडते आणि त्यात धातूच्या मोहऱ्यांचा एक पट! म्हणजे त्या काळी असा खेळ वाचकांच्या चांगल्या परिचयाचा होता.

चित्र की अक्षर या आपल्या प्रश्नासाठी पुढचा पुरावा अधिक मोलाचा आहे. उत्तर सुंग घराण्याच्या काळातील, म्हणजे इ. स. ९६० ते ११२७ मधील, ब्राँझच्या सोंगट्या चीनमध्ये मिळाल्या आहेत. नाण्यासारख्या गोल. एका बाजूला अक्षर आणि दुसऱ्या बाजूला त्याच मोहऱ्याचे चित्र. एकीकडे ‘हत्ती’ हे अक्षर, उलटवले की हत्ती. आज पडद्यावर जी निवड करावी लागते, ती त्या कारागिराने नऊशे वर्षांपूर्वी एकाच सोंगटीच्या दोन अंगांवर मांडून ठेवली होती.

पुढे चित्राची बाजू नाहीशी झाली आणि अक्षराची उरली. असे का झाले असावे? एक कारण तर व्यवहाराचे दिसते. लाकडाची गोल चकती काढायची नि तिच्यावर एक अक्षर कोरायचे, याला फारसा खर्च नाही. घोड्याचे डोके कोरायला कसबी हात लागतो. अक्षरांमुळे हा खेळ चहाच्या दुकानांत आणि रस्त्याच्या कडेला पोहोचला. शिवाय पाठ कोरी राहिली, म्हणून सोंगट्या पालथ्या घालून खेळण्याचा एक निराळा डावही निघाला. दोन्ही अंगे बोलकी असती, तर ही गंमत साधली नसती.

या अक्षरांत काय काय साठले आहे पाहा. तोफेचेच अक्षर घ्या. ते दोन प्रकारांनी लिहितात. एका प्रकारात डाव्या अंगाला ‘दगड’ हे चिन्ह असते, दुसऱ्यात ‘अग्नी’. दगडाचे अक्षर मोठाल्या गोफणयंत्राचे. तटावर धोंडे फेकणारे हे यंत्र दारूगोळ्याच्या आधीचे. दारू कशी करावी याच्या कृती चीनमध्ये १०४४ सालच्या एका युद्धशास्त्राच्या ग्रंथात दिलेल्या आहेत. यंत्र बदलले आणि दगडाच्या जागी अग्नी आला. पुष्कळ पटांवर आजही काळ्याच्या तोफेवर दगड आणि लालच्या तोफेवर अग्नी असतो. चित्रात दोन्हीकडे चाकांवरची तीच एक तोफ दिसते. शस्त्रांच्या इतिहासाचे एक अख्खे प्रकरण तेथे पुसले जाते.

हत्तीचे तर याहून नवल. काळ्याकडे ‘हत्ती’ हे अक्षर असते. लालकडे त्याच जागी दुसरे अक्षर येते, त्याचा अर्थ मंत्री. उच्चार दोहोंचा एकच, ‘श्यांग’. चाल एक, जागा एक, पण एकाचा हत्ती तर दुसऱ्याचा मंत्री. चित्रकाराने येथे काय काढावे? दोन्हीकडे हत्ती काढला तर मंत्री हरवतो आणि दोन्हीकडे मंत्री काढला तर हत्ती. आणखी एक गोष्ट. खेळाच्या नावातही हेच हत्तीचे अक्षर आहे, आणि त्याचा दुसरा अर्थ ‘आकृती, प्रतिमा’ असा आहे. तेव्हा हा हत्तींचा खेळ की प्रतिमांचा खेळ, हा पेच खुद्द नावातच बसलेला आहे.

अक्षर सोडल्याने काय घडते, हे पाहण्यासाठी चीनला जाण्याची गरज नाही. आपलाच पट पाहा. चतुरंगात कोपऱ्यात रथ होता. मराठीत त्या जागी हत्ती बसला आणि मूळ हत्तीच्या जागी उंट आला. बंगालीत कोपऱ्यातला मोहरा नौका झाला. इराण आणि अरबस्तानातून खेळ युरोपात गेला तेव्हा मोहरे बिनचेहऱ्याचे होते. हत्तीच्या मोहऱ्याला वर दोन टोके तेवढी होती, बहुधा सुळ्यांची खूण. इंग्रजांना त्यात बिशपची टोपी दिसली. फ्रेंचांनी त्या मोहऱ्याला विदूषक म्हटले. आज जगभर चालणारे मोहरे तर १८४९ साली लंडनमध्ये ठरलेल्या नमुन्याचे आहेत. मुका आकार ज्याच्या हाती जातो, त्याच्या मनातले बोलू लागतो. चीनमधील रथ मात्र रथच राहिला, कारण त्याच्या पाठीवर ‘रथ’ असे लिहिलेले होते.

अर्थात चित्राच्या बाजूनेही बोलले पाहिजे. ज्याला एकही चिनी अक्षर येत नाही, त्याच्यासमोर बत्तीस अगम्य चकत्या टाकल्या तर तो उठून जाईल. दार उघडायला चित्र हवे. सुंग काळच्या कारागिरालाही ते हवेसे वाटले होते. आणि पुष्कळ चिनी अक्षरे तरी मुळात काय आहेत? चित्रेच! रथाच्या जुन्या अक्षरात गाडीची पेटी आणि मधून गेलेला आस आजही दिसतो. घोड्याच्या अक्षरात आयाळ आणि चार ठिपक्यांचे पाय. चीनमध्ये १९५६ पासून अक्षरे सोपी करण्यात आली आणि घोड्याचे पाय एका रेघेत बुडाले. तरीही सोंगट्यांवर पुष्कळदा जुनीच अक्षरे कोरलेली असतात. तेव्हा भांडण चित्र आणि अक्षर यांचे नाही. समजून घेतलेली खूण एकीकडे आणि नुसती सोयीची खूण दुसरीकडे, अशी ही निवड आहे.

सोयीची खूण फसवतेही. काही संचांत रथाच्या जागी पाश्चात्त्य पटावरचा बुरूज आणि हत्तीच्या जागी बिशप काढलेला असतो. नवा खेळाडू तो पाहून हत्तीला दूरवर तिरपा पळवू पाहतो, पण तो चालतो दोनच घरे. घोड्याचेही तसेच. आपला घोडा अडीच घरे उडी मारतो. चिनी घोडा आधी एक पाऊल सरळ टाकतो, मग तिरपे, आणि पहिल्याच पावलाला कोणी उभा असेल तर अडतो. चीनमधील मुलांना या चाली अक्षरांवरूनच शिकवतात. ‘सूर्य’ हे अक्षर म्हणजे मधोमध आडवी रेघ असलेला उभा चौकोन. घोडा त्याच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात जातो. ‘शेत’ हे अक्षर म्हणजे चार घरांचा चौकोन. हत्ती तो तिरपा ओलांडतो.

यावर कोणी म्हणेल, की चिनी भाषा शिकल्यावाचून अक्षरे कशी यायची? याचे उत्तर व्हिएतनामने दिले आहे. तेथे चिनी अक्षरांतील शेवटची राजपरीक्षा १९१९ साली झाली, आणि आज सारा देश रोमन लिपीत लिहितो-वाचतो. वर्तमानपत्रात चिनी अक्षर आले तर बहुतेकांना ते वाचता येणार नाही. पण तेथील उद्यानांत आणि फुटपाथांवर लोक आजही चिनी अक्षरांच्याच सोंगट्यांनी हा खेळ खेळतात. ती अक्षरे त्यांनी शाळेत नव्हे, पटावर शिकलेली असतात.

आणि पटापलीकडे ग्रंथ आहेत. चिनी पद्धतीत चाल लिहिताना मोहऱ्याचे अक्षरच लिहितात : तोफ, दुसऱ्या रेघेवरून, आडवी, पाचवीवर. ही या खेळातील सर्वांत लोकप्रिय सुरुवात. मिंग काळात, १६३२ साली, चू चिनचन याने ‘संत्र्यातले रहस्य’ अशा नावाचा डावांचा ग्रंथ लिहिला. खेळाडू आजही तो अभ्यासतात. सात मोहऱ्यांची अक्षरे आणि आकडे ओळखले, की अशा ग्रंथातील डाव पटावर मांडून पाहता येतात. ज्याने फक्त चित्रांवर खेळ शिकला, त्याला हे दार बंद राहते. तो खेळेल आणि जिंकेलही, पण चारशे वर्षांपूर्वीच्या गुरूपाशी त्याला बसता येणार नाही.

संगणकाच्या जगानेही आपला कौल एका अर्थी दिलेला आहे. जगातील लिप्यांना संगणकात जागा देणाऱ्या युनिकोड या प्रमाणसंहितेत आपल्या परिचयाच्या बुद्धिबळाचे मोहरे १९९३ पासून आहेत, आणि ते चित्ररूप आहेत. २०१८ साली चिनी बुद्धिबळाच्या चौदा खुणा तीत दाखल झाल्या. त्या चित्ररूप नाहीत. वर्तुळात बसवलेली अक्षरे आहेत.

तेव्हा ज्या कोणाला हा खेळ पडद्यावर खेळून पाहावासा वाटेल, त्याने पहिले दोन-चार डाव चित्रांवर खुशाल खेळावे. चाली अंगवळणी पडल्या, की मात्र अक्षरांकडे वळावे. मोहरे सात, दोन्ही बाजूंची मिळून अक्षरे चौदा, आणि त्यांतलीही काही जवळजवळ सारखीच. एखाद्या रविवारची दुपार त्यांना पुरते. ज्या रथाचे आपल्या पटावरून नावही गेले, तो चीनमधील सोंगटीवर अजून उभा आहे. त्याला त्याच्या अक्षरावरून ओळखता यावे, यासाठी एवढा वेळ काही फार नव्हे.