येनानजाउंगचे तेलक्षेत्र आणि थिबाचे राज्य

रत्नागिरीचा थिबा राजवाडा पाहणाऱ्यास पदच्युत ब्रह्मी राजाची करुण कथा ठाऊक असते. परंतु त्याच्या राज्यात खनिज तेलाचा एक पुरातन धंदा होता आणि राजाच्या खजिन्यास त्याचा मोठा आधार होता, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

हे तेलक्षेत्र उत्तर ब्रह्मदेशात, इरावतीच्या पूर्व तीरावर, येनानजाउंग येथे होते. आराकान पर्वत नैर्ऋत्य मोसमी वारे अडवितो. त्यामुळे कोकणच्या मानाने सह्याद्रीपलीकडील माण-खटाव जसे कोरडे, तसाच हा मुलूखही कोरडा आहे. ओघळींनी चिरलेल्या उघड्या टेकड्या, ताडाची झाडे आणि तिळाची शेते हे त्याचे रूप होय.

स्थलनाम येथे इतिहासाचे साधन ठरते. ब्रह्मी भाषेत ‘ये’ म्हणजे पाणी, ‘नान’ म्हणजे वास आणि ‘चाउंग’ म्हणजे ओढा. समासात ‘च’चा ‘ज’ होतो. ‘वासाच्या पाण्याचा ओढा’ असा त्याचा अर्थ. ‘येनान’ हाच ब्रह्मी भाषेत खनिज तेलाचा वाचक शब्द आहे. मराठीतील ‘रॉकेल’ हा इंग्रजीतून आलेला शब्द तेलाचा संबंध खडकाशी जोडतो. ब्रह्मी शब्द तो पाण्याशी जोडतो.

विहिरींचे वंशपरंपरागत धनी ‘त्विन्झा’ म्हणजे ‘विहीर खाणारे’ या नावाने ओळखले जात. नगराचे उत्पन्न उपभोगणाऱ्यास ‘म्योझा’, म्हणजे ‘नगर खाणारा’, म्हणत. ‘थिबा’ हेही मूळचे व्यक्तिनाम नसून शान प्रदेशातील अशा जहागिरीवरून पडलेले नाव होय. मराठीतील ‘वतन खाणे’ हा प्रयोग येथे आठवतो. मात्र खोताचा संबंध मुख्यतः सारावसुलीशी, तर त्विन्झाचा उत्पादनाशी होता, हा भेद विसरता कामा नये. या धन्यांची चोवीस कुळे मानली जात.

1795 मध्ये मायकेल साइम्स याने व 1797 मध्ये हिरम कॉक्स याने या विहिरी पाहिल्या. कॉक्सने त्यांची संख्या 520 दिली आहे. लाकडाने बांधलेल्या अरुंद विहिरीत खणणारा दोराने उतरे. आतील वायूमुळे त्यास काही क्षणच काम करता येई. उतरण्यापूर्वी डोळ्यांस पट्टी बांधण्याचीही चाल होती, म्हणजे अंधारात लगेच दिसे. तेल दिव्यांस, नावांच्या सांध्यांस आणि ताडपत्रांवरील पोथ्यांस कीड लागू नये म्हणून वापरीत.

1852 च्या युद्धात दक्षिणेचा समृद्ध प्रांत गेल्यावर मिंडॉन राजाने 1854 मध्ये तेलाचा मक्ता स्वतःकडे घेतला. विहिरी कुळांकडेच राहिल्या. विक्री मात्र राजाच्या हाती आली. 1878 मध्ये गादीवर आलेल्या थिबास हीच व्यवस्था वारशाने मिळाली.

1885 च्या युद्धाचे निमित्त मात्र तेल नव्हते. मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनवर सागवानाच्या तोडीबद्दल मंडालेच्या दरबाराने लादलेला दंड, आणि इंग्रजांना वाटणारी फ्रेंच प्रभावाची धास्ती, ही त्याची कारणे. तथापि परिणाम तेलासही भोगावा लागला. 1886 च्या एप्रिलमध्ये थिबास रत्नागिरीस आणले. त्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये बर्मा ऑइल कंपनी स्थापन झाली. इंग्रज सरकारने त्विन्झांचे हक्क राखीव क्षेत्रे आखून मान्य केले. परंतु ते हक्क विकण्याची व भाड्याने देण्याची मुभा असल्याने अनेक जागा यंत्रधारी कंपन्यांकडे गेल्या. पुढे नळमार्गाने तेल रंगूनजवळील सिरियमच्या शुद्धीकरण कारखान्यात जाऊ लागले, आणि हिंदुस्थान ही त्याची मोठी बाजारपेठ बनली. 1909 मध्ये याच कंपनीच्या भांडवलावर इराणातील तेलाची अँग्लो-पर्शियन कंपनी उभी राहिली. इकडे सरकारी तनख्यावर दिवस काढणारा थिबा 1910 मध्ये नव्या राजवाड्यात राहावयास गेला व 1916 च्या डिसेंबरात तेथेच वारला.

तेलक्षेत्रातील मजुरांनी 1938 मध्ये संप करून रंगूनवर मोर्चा नेला; ब्रह्मी राष्ट्रीय चळवळीस त्याने मोठे बळ दिले. 1942 च्या एप्रिलमध्ये जपानी सैन्याच्या हाती पडू नयेत म्हणून इंग्रजांनी येथील विहिरी व यंत्रे स्वतःच उद्ध्वस्त केली. स्वतंत्र ब्रह्मदेशाने 1963 मध्ये हा उद्योग राष्ट्राच्या मालकीचा केला.

कूळ, राजा, कंपनी व राष्ट्र अशा क्रमाने एकाच तेलावरील हक्क पालटत गेला. रत्नागिरीतील राजवाडा या क्रमातील दुसऱ्या टप्प्याचा शेवट दाखवितो. त्याचा अभ्यास केवळ एका राजाच्या बंदिवासाचे स्थान म्हणून न करता, इरावतीकाठच्या या विहिरींसह केल्यास त्याचा अर्थ अधिक नीट उमगेल.