व्यवसायवाचक आडनावे, इंग्रजी

मध्ययुगीन इंग्लंडच्या न्यायालयीन दप्तरांत व्यक्तीच्या नावापुढे तिचा धंदा दर्शविणारा शब्द जोडलेला आढळतो. अशा शब्दांतून पुढे वंशपरंपरागत झालेल्या आडनावांस व्यवसायवाचक आडनावे म्हणतात. बाराव्या-तेराव्या शतकांतील इंग्रजी ग्रंथ थोडे व बहुधा धार्मिक असल्याने सामान्य लोकांच्या बोलीतील शब्दांसाठी ही दप्तरे महत्त्वाची ठरतात.

नॉर्मन विजयानंतर (१०६६) वरिष्ठ न्यायालयांत युक्तिवाद फ्रेंचमध्ये आणि लेखन लॅटिनमध्ये होऊ लागले. युक्तिवाद इंग्रजीत करण्याविषयी १३६२ मध्ये कायदा झाला; नोंदींतील लॅटिन मात्र १७३३ मध्येच कायमचे गेले. राजन्यायालयाच्या चर्मपत्री गुंडाळ्या ११९४ पासूनच्या, तर जहागिरींच्या न्यायालयांच्या तेराव्या शतकाच्या मध्यापासूनच्या उपलब्ध आहेत. यॉर्कशरमधील वेकफील्ड जहागिरीचे दप्तर १२७४ पासून सुरू होते.

कारकून लोहारास ‘फाबेर’ व विणकरास ‘टेक्स्टॉर’ असे लॅटिनमध्ये लिहीत. त्यामुळे मूळ इंग्रजी शब्द झाकला जाई. तथापि लॅटिन प्रतिशब्द सुचला नाही, किंवा शोधण्याचा कंटाळा आला, म्हणजे फ्रेंच उपपद ‘ल’ लावून लोकांच्या तोंडचा शब्दच ते उतरून घेत. भाषाभ्यासकास अशा जागाच मोलाच्या वाटतात. गुस्टाव्ह फ्रान्सन (१९३५) व बर्टिल थुरेसन (१९५०) यांनी अशी नावे गोळा करून दाखविले, की धंदेवाचक अनेक शब्दांचा सर्वांत जुना लेखी आढळ आडनावांतच होतो. बोलीभेदही त्यांत उमटले आहेत : लोकरी कापड पाण्यात तुडवून घट्ट करणारा आग्नेय इंग्लंडात ‘फुलर’, नैर्ऋत्येस ‘टकर’ व उत्तरेस ‘वॉकर’ म्हणून ओळखला जाई.

‘वेबस्टर’ (विणकर), ‘बॅक्स्टर’ (पाववाला), ‘ब्रूस्टर’ (एल नावाची बिअर गाळणारा) इ. नावांतील ‘-स्टर’ हा प्रत्यय जुन्या इंग्रजीत मुख्यतः स्त्रीवाचक होता. मध्ययुगात, विशेषतः उत्तरेत, तो पुरुषांसही लागू लागला. त्यामुळे केवळ प्रत्ययावरून स्त्री ठरविता येत नाही. एलच्या दराच्या व मापाच्या नियमभंगाबद्दल आकारलेल्या दंडांच्या याद्या येथे अधिक उपयोगी पडतात. हा दंड व्यवहारात परवाना-शुल्कासारखाच असे. १३४८ च्या महामारीपूर्वीच्या अनेक गावांच्या याद्यांत स्त्रियाच बहुसंख्य दिसतात. एरवी इतिहासात ज्यांचे नावही उरले नसते अशा या कष्टकरी स्त्रिया दंडामुळेच ज्ञात झाल्या.

आडनाव धंद्याचा पुरावा मानताना सावधगिरी हवी. चौदाव्या शतकात आडनावे स्थिर होत गेली, दक्षिणेत आधी व उत्तरेत उशिरा. लोहाराचा ‘स्मिथ’ नावाचा मुलगा मग शिंपीही असू शके. १४१३ च्या कायद्याने आरोपीस कायदाबाह्य ठरविणे शक्य असलेल्या खटल्यांत त्याचा दर्जा अथवा धंदा व राहण्याचे ठिकाण नावापुढे वेगळे नोंदविणे आवश्यक केले, ते नुसत्या नावावरून माणूस ओळखता येईनासा झाल्यामुळेच.