जुनी डिझेल इंजिने : निरीक्षण व छायाचित्रण

मेहकरला रेल्वे नाही. तिथल्या हौशी निरीक्षकाला अकोला किंवा मूर्तिजापूर गाठावे लागते. मूर्तिजापूर हे ‘शकुंतला’ या अरुंदमापी गाडीचे केंद्र होते. मँचेस्टरला १९२१ साली बांधलेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ मध्ये निवृत्त झाले आणि डिझेल आले. कौतुक वाट्याला आले ते वाफेच्या. डिझेलकडे कामापुरते पाहिले गेले. त्याची नोंद ठेवावी म्हटले, तर हजारोंनी बनलेले यंत्र दुर्मिळ कसे, असा आक्षेप घेतला जातो. पण डब्ल्यूडीएम-२ पाहावे: १९६२ पासून अमेरिकेच्या अल्को कंपनीकडून व पुढे वाराणसीच्या कारखान्यातून आलेली ही २,६०० अश्वशक्तीची इंजिने विद्युतीकरण वाढले तशी भंगारात निघाली. संख्या मोठी, म्हणूनच एकेकाचे वेगळेपण टिपायचे राहून गेले. केबिनवरचा क्रमांक, शेडचे नाव, रंगाखालून डोकावणारा जुना रंग, बदललेली जाळी एवढे छायाचित्रात स्पष्ट हवे, सोबत तारीख व ठिकाण. नाहीतर ते नुसते देखणे चित्र. यार्डात शिरणे धोक्याचे, हा दुसरा आक्षेप मात्र रास्त आहे. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ नुसार विनापरवाना प्रवेश गुन्हा ठरतो. तेव्हा रीतसर परवानगी घ्यावी, किंवा कुंपणाबाहेरच्या सार्वजनिक रस्त्यावरून लांब पल्ल्याच्या भिंगावर भागवावे.