कुंपणातली घाणेरी आली कुठून?

आमच्या डोणगावात मेंदीच्या कुंपणातून एक काटेरी झुडूप हळूच डोकं काढतं. घाणेरी म्हणा, टणटणी म्हणा की रायमुनिया. ओळख सोपी: कोवळी फांदी चौकोनी, पानं खरखरीत नि समोरासमोर, एकाच गुच्छात पिवळी-गुलाबी फुलं. पान चुरगळलं की उग्र वास.

मूळ अमेरिकेतलं हे झुडूप १८०९च्या सुमारास कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आलं. मग बंगल्यांभोवती कुंपण म्हणून लागलं. म्हणजे कुंपणात ती घुसली नाही, माणसानंच तिला तिथं बसवलं! पुढचं काम बुलबुलांनी केलं. काळी फळं खायची, कुंपणावर बसायचं, खाली बी टाकायचं. गुरांनी पाला खाल्ला तर कावीळ होते, उन्हात कातडी सोलते. कधी जनावर दगावतंही.

नुसती वरून छाटली तर ती आणखी दाट फुटते. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांची रीत मला पटते: कुदळीनं जमिनीखाली दोन-तीन बोटांवर मूळ तोडायचं, झुडूप उलटं करून वाळवायचं. फळं धरण्याआधीच बरं का! आणि दर पावसाळ्यात कुंपणाखालची नवी रोपं हातानं उपटायची.